परदेशी नोकरी, पीएफ आणि पेन्शन : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांतून युरोप-जपानला ऑनसाइट जाणारे, मुंब्रा-भिवंडीहून आखातात कामाला जाणारे आणि नेपाळहून येऊन घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या सोसायट्यांत वॉचमनचे काम करणारे. तिघांची कामे वेगळी, अडचण एकच. पगारातले पैसे एका देशात कापले जातात आणि म्हातारपण दुसऱ्या देशात काढायचे असते. दोन देशांचे नियम जुळवून घेण्याची सोय काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी अजिबात नाही. जिथे आहे तिथेही ती आपोआप मिळत नाही, बहुतेक वेळा निघण्याआधी कागद काढावा लागतो.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पीएफ-पेन्शनच्या योजना तिच्याखाली नव्याने अधिसूचित होतील, तेव्हा खालचे भारतीय आकडे अर्ज करतेवेळी एकदा पडताळून घ्यावेत.

सामाजिक सुरक्षा करारात दोन देश नेमके काय ठरवतात?

मुख्यतः तीन गोष्टी. एका कामासाठी एका वेळी एकाच देशात वर्गणी भरायची. दोन्ही देशांतली वर्षे पेन्शनची पात्रता ठरवताना एकत्र मोजायची. आणि मिळालेली पेन्शन माणूस दुसऱ्या देशात राहतो म्हणून अडवायची नाही.

पैसा मात्र इकडून तिकडे जात नाही. जर्मनीत भरलेले युरो कधीही ठाण्याच्या पीएफ खात्यात जमा होत नाहीत. बेरीज वर्षांची होते, रकमेची नाही. पुढचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

प्रत्येक करारात तिन्ही गोष्टी असतीलच असेही नाही. जर्मनीशी ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेला पहिला करार फक्त दुहेरी वर्गणी टाळण्यापुरता होता. वर्षांची बेरीज १ मे २०१७ पासूनच्या सर्वंकष करारात आली.

भारताचे असे करार कोणाकोणाशी लागू आहेत?

बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, फ्रान्स, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, हंगेरी, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पोर्तुगाल आणि ब्राझील. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताशी वेगळा करार आहे, त्यामुळे माँट्रियलला जाणाऱ्याने टोरांटोच्या मित्राचा फॉर्म वापरू नये. सर्वांत आधी लागू झाला तो बेल्जियमचा, सप्टेंबर २००९ मध्ये.

यादीत अमेरिका नाही, आखातातला एकही देश नाही आणि आपला एकही शेजारी नाही.

शेजाऱ्यांशी करार नाही, मग नेपाळ-भूतानच्या लोकांचे काय?

त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. १९५० चा भारत-नेपाळ शांतता व मैत्री करार आणि २००७ चा भारत-भूतान मैत्री करार यांच्या आधारे ईपीएफओ (पीएफचा कारभार पाहणारी केंद्र सरकारची संघटना) नेपाळी आणि भूतानी कामगारांना भारतीय कामगारच मानते. म्हणजे पीएफच्या सक्तीची १५,००० रुपयांची वेतनमर्यादा त्यांनाही लागू.

श्रीलंका, बांगलादेश किंवा इतर कोणत्याही देशाचा पासपोर्ट असलेला कर्मचारी मात्र ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ ठरतो आणि १ ऑक्टोबर २००८ पासून त्याचा पीएफ पूर्ण पगारावर कापला जातो. फरक केवढा पडतो पाहा. महिना १ लाख पगारावर कंपनी भारतीय कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० रुपयांपुरता मर्यादित ठेवू शकते. श्रीलंकेच्या कर्मचाऱ्याचे १२,००० कापावे लागतात आणि कंपनीला तेवढेच घालावे लागतात. शिवाय त्याच्या देशाशी करार नसल्याने ती रक्कम साधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षाआधी हाती येत नाही. ही तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली आहे. तो निकाल दाखवून महाराष्ट्रातल्या कंपनीने परस्पर कपात थांबवणे धोक्याचे. थकबाकी, व्याज आणि दंड तिन्ही मागे लागतात.

सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे सीओसी, कोणाला मिळते?

भारतातल्या कंपनीच्या पगारावर राहून, तिच्याच कामासाठी, ठरावीक मुदतीला करार असलेल्या देशात पाठवलेल्या कर्मचाऱ्याला. हा माणूस आमच्याकडे वर्गणी भरतो आहे, तुम्ही कापू नका, एवढेच ते प्रमाणपत्र तिकडच्या सरकारला सांगते. त्या काळात इथला पीएफ चालूच राहिला पाहिजे.

तिकडच्या उपकंपनीने नवे नियुक्तिपत्र देऊन स्थानिक पगारावर घेतले असेल तर सीओसी नाही. पहिल्या नोकरीतच बेसिक १५,००० च्या वर म्हणून पीएफ नाकारलेल्यांनाही थेट मिळत नाही. आधी कंपनीबरोबर संयुक्त अर्ज करून पीएफचे सभासद व्हावे लागते. जास्त पगाराच्या तरुण मंडळींचा घोळ नेमका इथे होतो. हातात जास्त पैसे यावेत म्हणून पीएफ सोडलेला असतो आणि ऑनसाइट ठरल्यावर त्याची किंमत कळते.

सीओसीमुळे खरेच किती वाचतात?

जर्मनीचे गणित घ्या. तिकडे पेन्शन विमा पगाराच्या १८.६ टक्के, अर्धा कामगाराचा. महिना ४,००० युरो पगारावर तुमच्या हिश्शाचे ३७२ युरो. दोन वर्षांत ८,९२८ युरो, आणि तेवढेच कंपनीचे. बेरोजगारी विम्याची कपातही सीओसीने टळते. आरोग्य विमा यात येत नाही, तो वेगळा घ्यावाच लागतो. अनेकांना हे तिकडे गेल्यावर समजते.

सीओसी कसे काढायचे? ठाण्याच्या ऑफिसात की वाशीच्या?

तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. कंपनीचा पीएफ कोड ज्या प्रादेशिक कार्यालयाखाली आहे, प्रमाणपत्र तिथून निघते. कोपरखैरण्यात बसून काम करणाऱ्याची कंपनी पुण्यात किंवा बंगळुरूला नोंदलेली असेल तर वाशीच्या कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. पे-स्लिपवरच्या पीएफ क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे पाहिली की कार्यालय कळते.

अर्ज ईपीएफओच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय कामगारांच्या विभागात भरायचा. लागणारी माहिती: १२ आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ सभासद क्रमांक), पीएफ खाते क्रमांक, पासपोर्ट, परदेशातल्या कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता, जाण्याची आणि परतीची तारीख. कंपनीच्या अधिकृत व्यक्तीचा दुजोरा आणि सही लागते, आणि एचआरचे गाडे बहुधा त्या सहीवर अडते. व्हिसाचे काम सुरू होते त्याच आठवड्यात सीओसीचाही अर्ज टाकावा.

अर्ज कुठे अडकतो?

पहिले कारण नाव. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र असते. यूएएनला मात्र कोणाचे आद्याक्षर, कोणाचे नुसते पहिले नाव. लग्नानंतर आधार बदलले पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हे तर सर्रास. निघण्याआधी यूएएन, आधार आणि पासपोर्ट तिन्हीकडे एकच नाव आणि एकच जन्मतारीख करून घ्या. पुढे ३० वर्षांनी परदेशातली पेन्शन मागताना हीच विसंगती पुन्हा आडवी येते, आणि तेव्हा कंपनीचा एचआर मदतीला नसतो.

दुसरे कारण तारखा. डेप्युटेशनच्या पत्रात १ जून, विमानाचे तिकीट ९ जूनचे, अर्जात १५ जून असे झाले की शंका निघते. तिसरे म्हणजे परदेशातल्या कंपनीचा पत्ता अर्धवट, किंवा मूळ क्लायंटऐवजी मधल्या व्हेंडरचे नाव.

गेल्यानंतर अर्ज करून मागची तारीख मिळू शकते. पण तोवर तिकडच्या पगारातून कपात सुरू झालेली असते आणि ती परत मिळवण्यासाठी दोन देशांच्या कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा लागतो.

सीओसी किती वर्षे चालते?

बहुतेक करारांत ६० महिने. जर्मनीत ४८ (दोन्ही देशांच्या संमतीने आणखी १२), स्वित्झर्लंडमध्ये ७२, स्वीडनमध्ये फक्त २४. मुदत संपल्यावर तिकडची वर्गणी सुरू होते. वाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करावा.

माझे सीओसी जर्मनीचे आहे. मधले तीन आठवडे नेदरलँड्सच्या क्लायंटकडे जायचे आहे. चालेल ना?

नाही. युरोपीय संघात सीमेवर कोणी थांबवत नाही म्हणून हा गैरसमज होतो. तुमचे प्रमाणपत्र भारत आणि जर्मनी या दोघांमधले आहे, हॉलंडला त्याच्याशी कर्तव्य नाही. नेदरलँड्ससाठी भारत-नेदरलँड्स कराराखालचे वेगळे सीओसी काढा.

जर्मनीच्या स्थानिक पगारावर असाल तर गोष्ट बदलते. तिथे युरोपचा आपसातला, तुमचा विमा कोणत्या देशात आहे हे सांगणारा ए-१ नावाचा दाखला असतो. तो जर्मनीतल्या तुमच्या आरोग्य विमा संस्थेकडून निघतो आणि तात्पुरत्या कामासाठी २४ महिन्यांपर्यंत चालतो. बांधकामाच्या किंवा कारखान्याच्या जागी तपासणी आली आणि ए-१ जवळ नसला तर काही देशांत जागेवर दंड होतो.

युरोपातले शेजारी देश आपसात हे कसे जुळवतात?

या विषयात त्यांचा हात कोणी धरणार नाही. १९५८ पासून त्यांचे नियम आहेत. आज चालतो तो ८८३/२००४ क्रमांकाचा नियम, १ मे २०१० पासून. २७ सदस्य देश आणि त्यांच्याबरोबर आइसलँड, नॉर्वे, लिख्टेनश्टाइन, स्वित्झर्लंड हे तो पाळतात. तत्त्वे बहुतेक वर सांगितलीच: एका वेळी एकच कायदा, समान वागणूक, वर्षांची बेरीज, हक्क सीमेपार नेण्याची मुभा. प्रत्येक देशाचे दर, वयोमर्यादा आणि पेन्शनचे सूत्र मात्र त्याचे त्यालाच. त्यांनी योजना एक केल्या नाहीत, फक्त एकमेकांना जोडल्या.

खरी कसोटी सीमेवरच्या लोकांची. डोंबिवलीत राहून रबाळ्याला कामाला जावे तसे लोक जर्मनीतल्या आखेनमध्ये राहून नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टला कामाला जातात. अशा माणसाची वर्गणी कामाच्या देशात. दवाखान्याचा हक्क दोन्हीकडे. नोकरी पूर्ण सुटली तर बेरोजगार भत्ता मात्र राहत्या देशाकडून, वर्गणी तिकडे भरली असली तरी. मुलांच्या भत्त्यासाठी साधारणपणे आधी नोकरीच्या देशाची पाळी, आणि दुसऱ्या देशाचा दर जास्त असेल तर वरचा फरक तो देतो.

घरून काम आले आणि हे गणित बिघडले. दोन देशांत काम करणाऱ्याने राहत्या देशात २५ टक्के किंवा जास्त काम केले की विमा तिकडे सरकतो, म्हणजे आठवड्यात दोन दिवस घरून काम केले तरी कंपनी अडचणीत. म्हणून जुलै २०२३ पासून अनेक देशांनी चौकट करार केला. सही केलेल्या देशांत ५० टक्क्यांपेक्षा कमी काम घरून असेल तर विमा कंपनीच्या देशातच ठेवता येतो, पण त्यासाठी अर्ज करून ए-१ घ्यावा लागतो.

हे नियम भारतीय पासपोर्टवाल्याला लागू होतात का?

होतात. कायदेशीर राहणारा आणि एकाहून अधिक सदस्य देशांशी संबंध आलेला कोणीही यात येतो, डेन्मार्क सोडून. दोन वर्षे जर्मनी, दोन बेल्जियम, दोन नेदरलँड्स अशी फिरती झालेल्याची सहा वर्षे आपसात जोडली जातात. एखाद्या देशात वर्षभरापेक्षा कमी भरले असेल तर तो देश सहसा स्वतंत्र पेन्शन देत नाही, ते महिने दुसरा देश आपल्या हिशेबात घेतो. भारतातली वर्षे मात्र त्या साखळीत आपोआप येत नाहीत. ती प्रत्येक देशाच्या भारताशी असलेल्या करारातून वेगळी मांडावी लागतात.

सीओसी नव्हते, तिकडे चार वर्षे कपात झाली. ते पैसे बुडाले का?

करार असलेल्या देशात असाल तर नाही. समजा भारतात कर्मचारी पेन्शन योजनेत ७ वर्षे झाली आणि जर्मनीत ४. भारतात पेन्शनला किमान १० वर्षे लागतात, जर्मनीत ५. एकट्याने कुठेच पात्रता नाही. बेरीज ११, म्हणून दोन्हीकडे पात्र.

आता रक्कम. भारत फक्त आपल्या ७ वर्षांची देईल: १५,००० गुणिले ७ भागिले ७०, म्हणजे महिना १,५०० रुपये. जर्मनी आपल्या ४ वर्षांची युरोमध्ये देईल. सुरू होण्याचे वयही वेगळे. इथे ५८, जर्मनीत १९६४ किंवा नंतर जन्मलेल्यांना ६७. मधली नऊ वर्षे फक्त भारतीय हिस्सा येणार, निवृत्तीचे नियोजन त्या हिशेबाने करावे.

एक अडचण इथेच सांगितलेली बरी. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफला लागलेले आणि पगार १५,००० च्या वर असलेले लोक पेन्शन योजनेत येतच नाहीत. त्यांचा पीएफ आहे, पण भारताकडून मासिक पेन्शन नाही. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसत असेल तर तुम्ही त्यातले.

तिकडचे पैसे एकरकमी काढावेत की वर्षे ठेवावीत?

दोन्ही मिळत नाही. एकदा रक्कम उचलली की ते महिने कायमचे पुसले जातात, बेरजेला उरत नाहीत.

जर्मनीत ६० महिन्यांपेक्षा कमी भरले असेल आणि युरोपीय संघाबाहेर राहत असाल तर विमा थांबल्यापासून २४ महिने थांबून परतावा मागता येतो. मिळतो तो फक्त तुमचा हिस्सा, कंपनीचा नाही. जपानमध्ये उलट घाई लागते. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, किमान ६ महिने भरलेले हवेत आणि हिशेब जास्तीत जास्त ६० महिन्यांचाच होतो. त्यातून २०.४२ टक्के प्राप्तिकरही कापला जातो. निघताना नगर कार्यालयात राहते घर सोडल्याची नोंद केली नसेल तर अर्ज परत येतो, आणि ही चूक ठाण्यात बसून दुरुस्त करणे जिकिरीचे आहे.

आमचे मत: एक-दीड वर्षच झाले असेल आणि पुन्हा जायचा विचार नसेल तर रक्कम घेऊन मोकळे व्हा. चार वर्षे झाली असतील आणि भारतात पेन्शन योजनेत नाव असेल तर वर्षे राखलेली बरी. मधल्या लोकांनी तिकडच्या पेन्शन कार्यालयाकडून अंदाजपत्रक मागवून मगच ठरवावे.

परत आल्यावर कंपनी पूर्ण पगारावर पीएफ कापू लागली. चूक आहे का?

बहुधा नाही. सीओसीशिवाय करारातल्या देशात वर्गणी भरली आणि त्या करारामुळे तिकडच्या लाभाला पात्र झालात, तर तुम्ही भारतीय असूनही ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ ठरता आणि १५,००० ची मर्यादा उरत नाही. सीओसी घेऊन गेलेल्यावर ही वेळ येत नाही.

अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर?

अमेरिकेशी करार नाही. पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी आणि १.४५ टक्के मेडिकेअर जाते. पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षे. सहा वर्षांनी परतलेल्याच्या हाती काही येत नाही.

ब्रिटनशी व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्याच वाटाघाटीत, तात्पुरत्या पाठवलेल्यांची दुहेरी वर्गणी तीन वर्षांपर्यंत टाळण्याचेही ठरले. तुम्ही जाल त्या दिवशी ती तरतूद अंमलात आहे का, एवढे एचआरला लेखी विचारा. त्यात वर्षांची बेरीज नाही, आणि ब्रिटनच्या नव्या स्टेट पेन्शनला किमान १० वर्षे लागतात.

सिंगापूरचा सीपीएफ, म्हणजे तिकडचा पीएफ, नागरिक आणि कायम रहिवाशांचाच. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, कपातच नाही.

आखातात पेन्शन नाही, मग मिळते काय?

नोकरी सुटतानाची ग्रॅच्युइटी. संयुक्त अरब अमिरातीत वर्षभर पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचा बेसिक पगार, कमाल दोन वर्षांच्या पगाराएवढा. सौदीत पहिली पाच वर्षे अर्ध्या महिन्याचा, पुढे पूर्ण महिन्याचा. पण सौदीत राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, पाचच्या आत एक तृतीयांश, दहाच्या आत दोन तृतीयांश.

अमिरातीतल्या हिशेबात कळीचा शब्द बेसिक. एकूण २,५०० दिरहम पगार, त्यात बेसिक १,५०० आणि बाकी भत्ते असतील तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ५,२५० दिरहम. तोच पगार सगळा बेसिक असता तर ८,७५०. मुंबईत करारावर सही करताना एकूण आकडा पाहून लोक खूश होतात. बेसिकचा रकाना वाचा.

अमिरातीत १ जानेवारी २०२३ पासून बेरोजगारी विमाही सक्तीचा आहे, परदेशी कामगारांनाही. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत महिना ५ दिरहम हप्ता. सलग १२ महिने हप्ते भरलेल्याची नोकरी गेली (राजीनामा दिलेला चालत नाही) तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. दावा ३० दिवसांत करायचा. विमा न घेणाऱ्याला ४०० दिरहम दंड, आणि बरेच जण दंडाचा निरोप आल्यावरच जागे होतात.

आखाती देश आपसात काही जुळवत नाहीत का?

जुळवतात, पण स्वतःच्या नागरिकांसाठी. कुवेतचा नागरिक कतारमध्ये नोकरी करतो तेव्हा त्याचा विमा कुवेतच्या योजनेत चालू राहतो. ही व्यवस्था २००६ पासून आहे. भारतीय कामगार दुबईहून मस्कतला गेला की मागचा हिशेब तिथेच पुरा करून निघायचे.

दहावी नापास आहे. आखातात जाण्याआधी काय करायचे?

पासपोर्टवर ईसीआर (उत्प्रवास तपासणी आवश्यक) शेरा असेल तर १८ ठरावीक देशांसाठी उत्प्रवास परवानगी लागते. त्यात सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन सगळे आले. परवानगी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून, नोंदणीकृत एजंटमार्फत किंवा थेट मालकाच्या मागणीवर. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी सक्तीची: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ (कर वेगळा), अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख.

एजंटची कायदेशीर फी कमाल ३०,००० रुपये, अधिक जीएसटी. पावती घ्या. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. परवानगी नाही, विमा नाही, करार नोंदलेला नाही, मग तक्रारीला आधारच राहत नाही.

आमच्या सोसायटीतला वॉचमन नेपाळचा आहे. पीएफ-ईएसआय कापायचे का?

तो एजन्सीचा असेल आणि एजन्सीला कायदा लागू असेल (पीएफला २० कामगार, ईएसआयला म्हणजे कर्मचारी राज्य विम्याला १०) तर भारतीय वॉचमनसारखेच. १४,००० रुपये पगारावर त्याचे पीएफला १,६८० आणि ईएसआयला १०५ जातात. एजन्सीने पीएफला १,६८० घालायचे, त्यातले १,१६६ पेन्शन योजनेत, आणि ईएसआयला ४५५. ईएसआयची मर्यादा महिना २१,०००.

‘तो नेपाळी आहे, त्याला पीएफ नसतो’ असे सांगून बिलात मात्र पीएफची ओळ लावणाऱ्या एजन्सी आहेत. कमिटीने दरमहा चलनासोबत नावांची यादी मागावी. यादीत त्याचे नाव आणि यूएएन दिसला पाहिजे. नुसत्या चलनावर एकूण रक्कम असते, कोणाची ते कळत नाही.

त्याच्याकडे आधार नाही, मग?

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना ईपीएफओने आधार आणि चेहरा-पडताळणीच्या सक्तीतून सूट दिली आहे. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, पण यांचा एजन्सी जुन्या पद्धतीने काढू शकते. ओळखीला नेपाळचे नागरिकत्व प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट. पैसे काढतानाही आधाराशिवाय कागदी दावा करता येतो.

अडते ते दोन ठिकाणी. एजन्सीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, आणि गावी गेल्यावर इथले बँक खाते बंद पडते. गावी कायमचे जाण्याआधी तारीख भरून घ्यावी, दावा लावावा आणि रक्कम येईपर्यंत खाते चालू ठेवावे. पुढे नेपाळला पैसे पाठवायला एनईएफटीवरची भारत-नेपाळ सुविधा आहे. खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत, रोख नेऊन दिले तर ५०,०००.

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात जर्मन इंजिनीअर दोन वर्षांसाठी येतो आहे.

तो जर्मनीचे सीओसी घेऊन आला तर पीएफ नाही, प्रत फाइलला लावा. नाही आणला तर पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर १२ टक्के, आणि पगार जर्मनीत मिळत असला तरी तो धरून.

कोणते कागद जन्मभर ठेवायचे?

सीओसीची प्रत, डेप्युटेशनचे पत्र, पहिली आणि शेवटची परदेशी पे-स्लिप, दरवर्षीचा विमा दाखला, देशात शिरल्या-निघाल्याचे शिक्के असलेली जुन्या पासपोर्टची पाने. आणि क्रमांक: जर्मनीचा पेन्शन विमा क्रमांक १२ अक्षर-अंकांचा, नेदरलँड्सचा बीएसएन (नागरिक सेवा क्रमांक) ९ आकडी, जपानचा मूळ पेन्शन क्रमांक १० आकडी. जपानचे पेन्शन पुस्तक बरेच जण निघताना घरातल्या रद्दीबरोबर टाकून येतात. हे क्रमांक बायको-मुलांनाही माहीत असावेत, वारस पेन्शनचा अर्ज त्यांनाच करायचा असतो.

पेन्शनचा अर्ज कुठे करायचा? त्यासाठी तिकडे जावे लागते का?

जावे लागत नाही. करारात दोन्ही देशांची संपर्क संस्था ठरलेली असते, आपल्याकडे ती ईपीएफओ. इथे दिलेला अर्ज तिकडे पाठवला जातो, आणि सहसा इथे दिल्याची तारीखच तिकडे धरली जाते. पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

पीएफ कार्यालयाची तक्रार ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर, आखातातली पगाराची किंवा पासपोर्ट अडकवल्याची परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर. बोलून सांगायचे असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-३०९०.